डिझेल जाणार हे कबूल, पण त्याच्या जागी नेमकं काय?

सायलेन्सर

सव्वीस वर्षं बसच्या वर्कशॉपमध्ये काढली. हेल्पर म्हणून लागलो तेव्हा पहिलं काम हे, की पहाटे साडेतीनला गाड्यांना सेल्फ मारायचा आणि इंजिनं गरम करत ठेवायची. शेडमध्ये एकाच वेळी पंचवीस-तीस गाड्या सुरू. थंडीच्या दिवसांत पांढरा धूर असा कोंडायचा, की पिटमध्ये उतरलेला माणूस दिसायचा नाही, फक्त त्याच्या हातातल्या बॅटरीचा उजेड हलताना दिसायचा. घरी येऊन नाक शिंकरलं की रुमाल काळा. तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही. २०१२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने डिझेलच्या धुराला कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. ती बातमी वाचली आणि माझ्याबरोबर त्या पिटमध्ये उभे राहिलेले दोघं-तिघं डोळ्यांसमोर आले.

तरी डिझेलला शिव्या घालायला हा धागा काढलेला नाही. १८९७ मध्ये रुडॉल्फ डिझेलचं इंजिन पहिल्यांदा नीट चाललं. त्याची युक्ती आजही तीच आहे: हवा इतकी दाबायची की ती तापूनच इंधन पेटतं, स्पार्क प्लग लागतच नाही. एका लिटरमध्ये साधारण दहा युनिट ऊर्जा असते. अडीचशे लिटरची टाकी काही मिनिटांत भरते आणि गाडी सहाशे किलोमीटर निघते. हे सुख दुसऱ्या कुठल्याच इंधनाने अजून दिलेलं नाही.

प्रश्न असा. दर दोन-तीन वर्षांनी कोणीतरी येतं आणि "आता हेच भविष्य" म्हणून सांगून जातं. आधी सीएनजी, मग बायोडिझेल, मग बॅटरी, आता हायड्रोजन. पंधरा वर्षांनी सार्वजनिक बस कशावर चालत असेल असं तुम्हाला वाटतं? माझं मत आधीच सांगतो: सगळ्या गाड्यांना एकच इंधन ही कल्पनाच चुकीची आहे. मार्ग बघून इंधन ठरवावं. शहरात बॅटरी, आणि लांब पल्ल्याला नि घाटात अजून दहा-पंधरा वर्षं चांगलं डिझेल.

स्टेपनी

खुर्ची टाकून बसलोय. होऊ द्या सुरू.

आकडेमोड

छान धागा, सायलेन्सर. चर्चा हवेत जाऊ नये म्हणून एक हिशेब मांडून ठेवतो. बारा मीटरची शहरी बस, शंभर किलोमीटर धाव.

डिझेल बस गर्दीच्या रस्त्यावर ४० लिटरच्या आसपास पिते. म्हणजे ४०० युनिट ऊर्जा. त्यातली निम्म्याहून जास्त उष्णता होऊन रेडिएटर आणि सायलेन्सरमधून निघून जाते. बॅटरी बसला त्याच धावेला सव्वाशे युनिट पुरतात. हायड्रोजनपासून गाडीतच वीज बनवणाऱ्या, म्हणजे फ्युएल सेलच्या बसला साधारण आठ किलो हायड्रोजन लागतो, आणि पाण्यापासून वीज वापरून एक किलो हायड्रोजन बनवायला ५०-५५ युनिट जातात. म्हणजे मूळ वीज झाली सव्वाचारशे युनिटच्या घरात. तीच वीज थेट बॅटरीत भरली असती तर तीन बस धावल्या असत्या.

आता कोणीतरी म्हणेल की वीज कोळशाची. तोही हिशेब करू. एक लिटर डिझेल जळलं की २.७ किलोच्या जवळपास कार्बन डायऑक्साइड निघतो, म्हणजे शंभर किलोमीटरला १०७ किलो. तेल काढणं, शुद्ध करणं, वाहून आणणं धरलं तर अजून वाढतो. पूर्ण कोळशाच्या विजेवर चार्जिंगमधली गळती धरून बॅटरी बसचा आकडा १३०-१४० पर्यंत जातो. म्हणजे शंभर टक्के कोळसा असेल तर कार्बनपुरती बरोबरी, किंवा डिझेल थोडं बरं. पण विजेच्या जाळ्यात जलविद्युत, वारा, सूर्य, अणू जसजसे मिसळतात तसतसा बॅटरीचा आकडा खाली येतो, आणि तोही गाडी न बदलता. डिझेल गाडीचा आकडा ती भंगारात जाईपर्यंत तिथेच राहतो.

निळी_ज्योत

सीएनजीला तुम्ही एका ओळीत गुंडाळलंत, सायलेन्सर, हे काही पटलं नाही. जगातल्या सगळ्यात मोठ्या इंधनबदलांपैकी एक सीएनजीचाच आहे. जुलै १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतल्या सगळ्या बस सीएनजीवर आणायचा आदेश दिला, वकील एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर. गॅस भरायला रांगा लागल्या, मुदती पुढे गेल्या, विरोध झाला. पण २००२ संपेपर्यंत डिझेल बस रस्त्यावरून गेल्या. काळा धूर सोडणाऱ्या बसमागे दुचाकीवर अडकलेल्या माणसाला विचारा तो फरक किती होता ते. बॅटरी स्वस्त होण्याची वाट बघत बसले असते तर त्या शहराने आणखी वीस वर्षं काजळी गिळली असती.

सायलेन्सर

निळी_ज्योत, बरोबर बोललात, माझं चुकलं. काजळीच्या बाबतीत गॅसने त्या काळी जे केलं ते दुसऱ्या कशानेच झालं नसतं.

आकडेमोड

काजळीपुरतं मीही मान्य करतो. पण हवामानाच्या बाजूने गॅसचा फायदा दिसतो तेवढा नाही. मिथेन जळताना डिझेलपेक्षा कमी कार्बन सोडतो हे खरं, पण स्पार्कवर चालणारं गॅस इंजिन डिझेलइतकं काटकसरी नसतं, त्यामुळे तो फायदा बराचसा तिथेच खाल्ला जातो. वर पाइपातून, कॉम्प्रेसरमधून, इंजिनातून जो मिथेन न जळता सुटतो तो वीस वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या ऐंशीपट तापवतो. थोडी गळतीही सगळी कमाई घालवते.

निळी_ज्योत

गळती थांबवता येते, आणि गॅस जमिनीतूनच काढला पाहिजे असंही नाही. सांडपाणी आणि कचऱ्यापासून बनवलेला बायोगॅस शुद्ध केला की तोच मिथेन. स्वीडनमधल्या लिंकोपिंग शहराने नव्वदच्या दशकापासून त्यावर बस चालवल्या. तो कचरा तसाच कुजला असता तर मिथेन सुटलाच असता. इथे तो आधी बस ओढतो. सिलिंडर तेच, २०० बारचा दाब तोच, मेकॅनिकही तोच.

खिडकीपाशी

मी मेकॅनिक नाही, इंजिनिअर नाही. रोज दोन बस बदलून कामावर जाणारी बाई आहे. मला एक सांगा, इंधन बदलल्यावर बस वाढणार की कमी होणार?

हे विचारते कारण आमच्या मार्गावर नव्या गाड्या आल्या तेव्हा जुन्या काढून घेतल्या. जेवढ्या काढल्या तेवढ्या आल्या नाहीत. गाडी सुंदर, आवाज नाही, धूर नाही, आणि वाट पाहायची पंचवीस मिनिटं. शेवटी थांब्यावरच्या चौघींनी मिळून रिक्षा करायला सुरुवात केली. मग प्रदूषण कमी झालं का वाढलं?

आकडेमोड

ताई, या धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न तुमचा आहे. चाळीस लिटर पिणाऱ्या बसमध्ये चाळीस माणसं असतील तर माणशी एक लिटर. सहा लिटर पिणाऱ्या मोटारीत सरासरी दीड माणूस धरला तर माणशी चार. म्हणजे भरलेली डिझेल बससुद्धा मोटारीपेक्षा चौपट बरी. बॅटरीची बस आणून फेऱ्या घटवल्या आणि माणसं मोटारीत बसली, तर तो बदल उलटाच झाला.

वेळापत्रक

खिडकीपाशी यांच्या प्रश्नाचं उत्तर देणं माझं कामच आहे. बसची शेड्यूल लावतो.

फेऱ्या का घटतात ते सांगतो. डिझेलची गाडी पहाटे पाचला निघून रात्री अकराला आली तरी चालतं, मधे ड्रायव्हर बदलतो, गाडी तीच. बॅटरीच्या गाडीचं तसं नाही. कागदावर अडीचशे किलोमीटर लिहिलेलं असतं, पण मी २० टक्क्यांच्या खाली गाडी नेऊ देत नाही, एसी नाहीतर हीटर धरावा लागतो, आणि बॅटरी जुनी होत जाते तेही धरावं लागतं. हातात उरतात १७०-१८० किलोमीटर. माझं एखादं शेड्यूल २३० चं असेल तर दुपारी ती गाडी आगारात परत आणायची आणि दुसरी पाठवायची. ही रिकामी ये-जा म्हणजे डेड मायलेज. म्हणजे दहा डिझेल गाड्यांचं काम अकरा-बारा बॅटरी गाड्यांना. खरेदी करणाऱ्याने एकास एक मोजून मागवल्या की फेरी माझ्या कागदावरून खोडली जाते, आणि तुम्ही पंचवीस मिनिटं उभ्या राहता.

उपाय आहेत. एक, शेवटच्या थांब्यावर चार्जर. गाडी तिथे आठ-दहा मिनिटं थांबतेच, तेवढ्यात पँटोग्राफ, म्हणजे छतावरचा वीज घेणारा दांडा, वर जातो आणि थोडी भर पडते. जिनिव्हात तर मार्गातल्या थांब्यांवर ६०० किलोवॅटने पंधरा-वीस सेकंद चार्ज करणारी बस चालवून दाखवली. दोन, शेड्यूलच नव्याने लावायचं. चीनमधल्या शेन्झेनने २०१७ च्या अखेरीस सोळा हजारांहून जास्त बस पूर्णपणे विजेवर आणल्या. मोठा ताफा, दाट शहर, रात्री चार्जिंग. म्हणजे जमतं. पण जुन्या वेळापत्रकात नवी गाडी कोंबून जमत नाही.

स्टेपनी

"एकास एक मोजून मागवल्या": हे मोठ्या अक्षरांत छापून खरेदी खात्याच्या भिंतीवर लावायला हवं.

घाटमाथा

सायलेन्सर काका, तुमच्या एका वाक्याला माझा विरोध आहे. घाटात डिझेल, असं म्हणालात. मी अकरा वर्षं घाटातच गाडी चालवतोय. आठ वर्षं डिझेल, तीन वर्षं बॅटरी. घाटात बॅटरीच बरी.

चढताना डिझेल गाडी दुसऱ्या गिअरला रडते, टर्बो शिट्टी मारतो, टेम्परेचरचा काटा बघत बघत जावं लागतं. बॅटरीची गाडी पूर्ण ताकद शून्यापासूनच देते. वळणावर थांबून पुन्हा उचलायची असेल तर क्लचचा खेळ नाही. माझा डावा गुडघा तीन वर्षांपूर्वीपर्यंत रोज रात्री शेकावा लागायचा. आता नाही.

आणि उतरताना तर ऐकाच. पाय उचलला की मोटर उलटी जनरेटर होते, गाडी आपोआप धरली जाते, आणि टक्के वाढत जाताना समोर दिसतात. माझ्या गाडीचे ब्रेक लायनर डिझेल गाडीच्या मानाने कितीतरी जास्त टिकलेत.

एकच गोष्ट शिकावी लागली. घाटमाथ्यावर गाडी पूर्ण चार्ज करून उतरायचं नाही. बॅटरीत जागाच नसेल तर परत येणारी वीज जाणार कुठे? पहिल्या महिन्यात मी तसाच निघालो, आणि दुसऱ्याच वळणावर लक्षात आलं की गाडी नेहमीसारखी धरत नाहीये, सगळा भार ब्रेकवर आलाय. खाली पोहोचलो तेव्हा लायनरचा वास येत होता. तेव्हापासून वर थांबलो तर ८५ टक्क्यांवर चार्जर काढतो.

आकडेमोड

घाटमाथा, तुमच्या अनुभवाला आकडा लावून बघितला. सोळा टनांची गाडी सहाशे मीटर चढवायला नुसत्या वजनापोटी सव्वीस युनिट लागतात. उतरताना त्यातली निम्मी-अधिक परत येतात. डिझेलच्या टाकीत उतारावर एक थेंबही परत येत नाही.

सायलेन्सर

घाटमाथा, तुमच्यासमोर मी हरलो, आणि आनंदाने हरलो. घाटाचं वाक्य मागे घेतो. माझ्या डोक्यात ताकद म्हणजे डिझेल हे इतकं पक्कं बसलंय, की उताराचा विचारच केला नव्हता.

शहराबद्दल मात्र अजून एक सांगायचं राहिलं. नवी डिझेल गाडी शहरात सगळ्यात जास्त आजारी पडते. युरो ६ च्या, म्हणजे धुराच्या कडक नियमात बसणाऱ्या गाडीला धुराच्या वाटेवर काजळी अडवणारा फिल्टर असतो, आणि पुढे युरियाचं पाणी फवारून नायट्रोजन ऑक्साइड मारणारी यंत्रणा. ती नीट चालायला धूर गरम हवा, दोनशे अंशांच्या वर. हायवेवर तो मिळतो. शहरात दर दोनशे मीटरवर थांबा, सिग्नल, पुन्हा थांबा. धूर गरमच होत नाही. फिल्टर चोक होतो, दिवा लागतो, गाडी ताकद कमी करते. आमच्याकडे दुपारी तीनला "उचलत नाही" म्हणून आलेल्या गाड्यांची रांग असायची, आणि बहुतेक सगळ्या गर्दीच्या मार्गावरच्या. गाडीला बाजूला उभं करून तासभर इंजिन रेस करून फिल्टरमधली काजळी जाळायची. त्या तासात ती माणसं नेत नाही, नुसतं डिझेल खाते. म्हणून म्हणतो, शहरातून डिझेल आधी जावं. पर्यावरणासाठी तर आहेच, मेकॅनिकच्या दृष्टीनेही ते तिथे बसत नाही.

हिरवी_पाटी

हायड्रोजनवर आकडेमोड यांनी पहिल्याच प्रतिसादात फुली मारली. पण तीन बसची वीज लागते हे एकच माप कसं? दहा मिनिटांत टाकी भरते, चारशे किलोमीटर जाते, वजन कमी, वेळापत्रक यांची डोकेदुखी नाही, डेड मायलेज नाही. दुपारी जास्तीची सौर वीज फुकट जात असेल तर तिचा हायड्रोजन करून ठेवा. बॅटरीत ती महिनोन्‌महिने साठवता येत नाही.

आकडेमोड

हिरवी_पाटी, साठवणीचा मुद्दा बरोबर आहे. पोलाद, खत यांना तो हायड्रोजन लागणारच आहे. पण जिथे बस हायड्रोजनवर चालवायचं ठरवलं अशा दोन ठिकाणांचा अनुभव बघा. कॅनडातल्या व्हिसलरमध्ये २०१० च्या हिवाळी ऑलिम्पिकसाठी वीस हायड्रोजन बस आणल्या. हायड्रोजन देशाच्या दुसऱ्या टोकाहून, क्वेबेकमधून, ट्रकने यायचा. २०१४ मध्ये त्या बंद केल्या. फ्रान्समधल्या माँपेलिएने ५१ हायड्रोजन बस घ्यायचं ठरवलं होतं. जानेवारी २०२२ मध्ये रद्द केलं, कारण चालवण्याचा खर्च विजेच्या बसच्या सहापट निघाला.

बोगी_क्र_७

रेल्वेतही हेच दिसलं. जर्मनीच्या लोअर सॅक्सनीमध्ये २०१८ ला हायड्रोजनची पहिली प्रवासी गाडी धावली, २०२२ मध्ये एका मार्गावर चौदा गाड्यांचा ताफा आला. त्यानंतर त्याच राज्याने पुढच्या खरेदीसाठी बॅटरीच्या गाड्या निवडल्या.

आणि मंडळी, इतका वेळ सगळे टाकीत काय भरायचं आणि बॅटरीत किती मावतं यावर बोलताय. ऊर्जा सोबत वाहून नेलीच पाहिजे का? रेल्वेने हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वी तार टाकून सोडवला. स्वित्झर्लंडची रेल्वे जवळपास पूर्ण तारेवर चालते. बसलाही तार चालते. वेर्नर फॉन सीमेन्सने १८८२ मध्ये बर्लिनजवळ तारेवरची रबरी... नाही, तिला रबरी टायर नव्हते, तारेवरची बिनरुळांची गाडी चालवून दाखवली होती. सॅन फ्रान्सिस्कोच्या चढांवर आजही ट्रॉलीबस आहेत. आता त्यात छोटी बॅटरी घालतात: मोठ्या रस्त्यावर तारेखाली धावता धावता चार्ज, मग फांदीच्या रस्त्यावर तारेशिवाय. वेळापत्रक यांना थांबून चार्ज करायची गरजच नाही. प्रागने १९७२ मध्ये ट्रॉलीबस बंद केली होती, पन्नास वर्षांनी २०२२ मध्ये पुन्हा सुरू केली.

वेळापत्रक

बोगी_क्र_७, तारेवर माझा जीव आहे. अडचण एवढीच की मार्ग बदलायचा झाला तर तार बदलत नाही. जिथे मार्ग पन्नास वर्षं तोच आहे तिथे तार. दर पाच मिनिटांना गाडी असेल तर खर्च वसूल होतो. तासाला एक गाडी असेल तर नाही.

अडगळ

थोडं अवांतर. बिनडिझेलच्या बसचा इतिहास वाचताना एक सापडलं होतं, ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९५३ मध्ये स्वित्झर्लंडच्या इव्हर्डाँ गावात चाकाच्या फिरण्यावर चालणारी बस सुरू झाली. जायरोबस. गाडीच्या तळाशी दीड टनाचं पोलादी चाक. थांब्यावर तीन दांडे वर करून वीज घ्यायची, ते चाक मिनिटाला तीन हजार फेऱ्यांपर्यंत फिरवायचं, आणि मग त्याच्या वेगातून वीज काढत सहा-एक किलोमीटर जायचं. बॅटरी नाही, इंजिन नाही. सात वर्षं चालली.

आणि दुसऱ्या महायुद्धात डिझेल-पेट्रोल मिळेना तेव्हा युरोपभर बसच्या मागे लाकडाची भट्टी जोडली. लाकूड अर्धवट जाळून निघणारा गॅस इंजिनात सोडायचा. ड्रायव्हरने तासभर आधी येऊन भट्टी पेटवायची. गरज पडली की बस कशावरही चालते, हे त्यातून दिसतं.

घाटमाथा

दीड टनाचं फिरतं चाक पोटात घेऊन वळण कसं घेत असतील? मला तर वाचूनच घाम फुटला.

अडगळ

चाक आडवं ठेवलेलं, आस उभी. त्यामुळे वळताना त्रास नव्हता. गाडी पुढे-मागे कलली की मात्र ते विरोध करायचं.

पांढरी_काठी

मला दिसत नाही, मोबाइल वाचून दाखवतो त्यावर हा धागा ऐकतोय. तुम्हा सगळ्यांना शांत बस आवडते. मला डिझेल बसचा आवाज लागतो.

थांब्यावर उभा असताना बस लांब आहे का जवळ, थांबली का निघाली, दार कुठल्या बाजूला, हे सगळं मी आवाजावरून ठरवतो. इंजिन जिथे घरघरतं तिथून अंदाजाने इतकी पावलं चाललो की दार. पहिल्यांदा विजेची बस आली तेव्हा ती समोर उभी राहून निघून गेली आणि मला फक्त वारा लागला. दुसऱ्यांदा रस्ता ओलांडताना ती इतक्या जवळून गेली की काठी तिला घासली. त्यानंतर महिनाभर मी एकट्याने तो रस्ता ओलांडला नाही.

ही गाडी नको असं मी म्हणत नाही. धूर माझ्याही छातीत जातो. पण गाडी ठरवताना आमच्यातल्या कोणाला तरी थांब्यावर उभं करून बघा.

वेळापत्रक

पांढरी_काठी, हे लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. युरोपात नव्या विजेच्या गाड्यांना २० किलोमीटरपर्यंतच्या वेगात कृत्रिम आवाज सक्तीचा आहे, पण थांबलेल्या गाडीने बोललं पाहिजे ही गोष्ट त्यात येत नाही. दार उघडलं की बाहेरच्या स्पीकरवर मार्ग क्रमांक सांगायचा, एवढंही पुरेल का तुम्हाला?

पांढरी_काठी

मार्ग क्रमांक आणि दारावर एक बारीक टिकटिक. पुरेल.

कोरडवाहू

बायोडिझेलवर कोणी बोललंच नाही म्हणून लिहितो. शेतकरी आहे. तेलबियांपासून इंधन म्हटलं की आमच्या कानावर मोठमोठे आकडे येतात. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात डिझेल इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवलं होतं, म्हणजे कल्पना इंजिनाइतकीच जुनी. पण जमीन तीच आणि पाणी तेच. इंधनासाठी पेरलं तर खाण्यासाठी कोण पेरणार? टाकाऊ तेल, चरबी, पिकाचा उरलेला कचरा यातून जेवढं निघेल तेवढं घ्यावं. त्यापुढे जाऊन सगळ्या बस त्यावर चालवायच्या म्हणाल तर जमीन पुरणार नाही.

सायलेन्सर

कोरडवाहू, शंभर टक्के सहमत. आणि वर्कशॉपचा अनुभवही जोडतो. आमच्याकडे मिश्रणाचं बायोडिझेल आलं होतं. पहिले तीन आठवडे काही नाही. मग एकेक गाडी बंद पडायला लागली. फिल्टर उघडला तर आत तपकिरी चिकट थर, बोटाने ओढला तर सालीसारखा निघणारा. बायोडिझेल पाणी धरतं, पाण्यात जंतू वाढतात, आणि वर ते जुन्या टाकीच्या तळाचा वर्षानुवर्षांचा गाळ सोडवून फिल्टरपर्यंत आणून देतं. पुरवठा करणाऱ्याने दोष आमच्या टाक्यांवर टाकला, आम्ही त्याच्या मालावर. खरं तर दोन्हीकडे होता. टाक्या धुतल्या, पहिल्या महिन्यात दोनदा फिल्टर बदलले, मग गाड्या सुरळीत झाल्या.

त्याच तेलावर हायड्रोजनची प्रक्रिया करून बनवलेलं एचव्हीओ म्हणून वेगळं इंधन असतं. ते पाणी धरत नाही, थंडीत गोठत नाही, जुन्या इंजिनात तसंच ओतता येतं. माल मात्र मर्यादित. म्हणून मला वाटतं, ते शहरात उधळू नये. ज्या लांबच्या गाडीला दुसरा पर्याय नाही तिच्यासाठी राखून ठेवावं.

रातराणी

बॅटरीला आग लागते त्याचं काय? पॅरिसमध्ये एप्रिल २०२२ ला विजेच्या दोन बस पेटल्यावर तसल्याच १४९ बस रस्त्यावरून काढल्या होत्या. माझी मुलगी विजेच्या बसने शाळेत जाते, म्हणून विचारतेय.

ओहम

रातराणी, काळजी रास्त आहे. डिझेल बसही पेटतात. तापलेल्या टर्बोवर तेलाची गळती, हे नेहमीचं कारण. फरक असा की बॅटरीची आग लागली की विझवायला फार वेळ आणि फार पाणी लागतं, आणि विझल्यासारखी वाटून पुन्हा पेटू शकते. पण सगळ्या बॅटऱ्या सारख्या नसतात. लिथियम आयर्न फॉस्फेट प्रकार उष्णतेला जास्त सहनशील आहे, आणि बसमध्ये तो आता मोठ्या प्रमाणावर वापरला जातो. तुमच्या वाहतूक संस्थेला दोन गोष्टी विचारा: बॅटरी कुठल्या प्रकारची आहे, आणि आगारात दोन गाड्यांमध्ये किती अंतर ठेवतात. एक पेटली तर रांग पेटू नये, हे जागेच्या आखणीवर ठरतं.

आगाराचा विषय निघालाच आहे तर तिथली खरी अडचणही सांगतो. दोनशे बस, रोज दोनशे किलोमीटर, म्हणजे गाडीला अडीचशे युनिट. झाले पन्नास हजार युनिट. रात्रीच्या पाच तासांत भरायचे तर दहा मेगावॅट लागतात. एवढा भार मंजूर करून सबस्टेशन उभं राहायला गाड्या बनवण्यापेक्षा जास्त वेळ लागतो. मी असं आगार पाहिलंय, जिथे नव्या गाड्या आठ महिने ताडपत्रीखाली उभ्या होत्या, कारण केबल आली नव्हती. शेवटी दोन गाड्या डिझेल जनरेटरवर चार्ज करून उद्घाटनाला काढल्या. सबस्टेशनचा अर्ज आधी, गाडीची ऑर्डर नंतर.

निळी_ज्योत

थंड प्रदेशाचंही लक्षात घ्या. हीटरच इतकी वीज खातो की पल्ला आटतो. मॉस्कोत हजाराहून जास्त विजेच्या बस आहेत, पण आतली ऊब डिझेलच्या हीटरने दिली जाते. डिझेल इतक्या सहज जात नाही, एवढंच माझं म्हणणं.

स्टेपनी

मूळ प्रश्नाकडे येऊ. पंधरा वर्षांनी काय? मला वाटतं याचं अर्धं उत्तर कायद्यांनीच दिलंय. युरोपीय संघाच्या २०२४ च्या नियमाप्रमाणे २०३० पासून नव्या शहरी बसपैकी ९० टक्के, आणि २०३५ पासून सगळ्या, शून्य उत्सर्जनाच्या. कॅलिफोर्नियात २०२९ पासून सार्वजनिक संस्थांनी घ्यायची प्रत्येक नवी बस तशीच. मोठे ग्राहक तिकडे वळले की कंपन्या शहरी डिझेल बसचं नवं मॉडेल काढायचंच थांबवतील. इतर शहरांनी मागितली तरी मिळणार नाही.

पण माझा प्रश्न सायलेन्सर काकांना आहे. इंजेक्टरचा आवाज ऐकून कुठला सिलिंडर मारत नाही हे सांगणाऱ्या माणसांचं काय होणार?

सायलेन्सर

स्टेपनी, या प्रश्नाने दोन दिवस झोप नाही लागली, म्हणून उशिरा लिहितोय.

आधी मूळ प्रश्न. तुमच्या सगळ्यांचं वाचून माझं मत बदललं ते असं. शहर आणि घाट, दोन्हीकडे बॅटरी. दाट आणि न बदलणाऱ्या मार्गावर तार. कचऱ्याचा गॅस जिथे निघतो तिथल्याच गाड्यांना. उरलं लांब पल्ल्याचं, तिथे आहे ते डिझेल इंजिन आणि त्यात जमेल तेवढं एचव्हीओ, बॅटरी तिथवर पोहोचेपर्यंत. आणि खिडकीपाशी ताईंची अट सगळ्यांच्या वर: एकही फेरी कमी होता कामा नये. फेरी कमी होणार असेल तर माझी जुनी डिझेल गाडी अजून दोन वर्षं चालू द्या, मी ती धूर न सोडता चालवून दाखवतो.

आता माणसांचं. आमच्यातले पन्नाशीचे सहा जण आहोत. नव्या गाडीचं बोनेट उघडलं की हाय व्होल्टेजच्या नारिंगी केबल दिसतात आणि हात आपोआप मागे येतो. गाडी पुरवणारी संस्था आपले लोक आणते, आम्हाला टायर आणि धुलाई सांगते. मला ते मान्य नाही. मी अर्ज केला, भांडलो, आणि पुढच्या सोमवारपासून हाय व्होल्टेजच्या प्रशिक्षणाला जातोय. सहापैकी चौघं तयार झाले.

ओहम, एक विचारायचं होतं. ६५० व्होल्टची गाडी आहे. हातमोजे कुठले लागतात, आणि ते चांगले आहेत हे ओळखायचं कसं?

ओहम

काका, क्लास ० चे रबरी इन्सुलेटेड मोजे, १००० व्होल्टचे, त्यावर चामड्याचे. रबरावरची चाचणीची तारीख बघायची, मुदत संपली असेल तर हात घालायचा नाही. रोज घालण्याआधी मनगटाकडून गुंडाळत आणायचं, आतली हवा बोटांकडे कोंडते. मग कानाजवळ धरून दाबायचं. बारीक सुई टोचल्याएवढं भोक असलं तरी हवा सुटल्याचं ऐकू येतं. इंजेक्टर ऐकणाऱ्या कानांना ते लगेच कळेल.

सायलेन्सर

लिहून घेतलं. चौघांना पाठवतो.